एक निकोप कलेजी

कुर्बानीच्या ईदला केडुंगवारूत पुरुषांच्या वाट्याला सुरे येतात आणि बायकांच्या वाट्याला आतडी. पुरुष नव्या लुंग्या नेसतात, खोंडाला आडवं पाडतात, अंगावर दोन-चार थेंब उडाले की युद्ध जिंकल्यासारखे हसतात आणि अकरा वाजता चहाला बसतात. बायका कालव्याच्या काठी दगडांवर बसून कोथळे उलटे करतात, धुतात, पुन्हा धुतात. त्या दगडांतला सगळ्यात वरचा, पाणी पहिल्यांदा येतं तो दगड लासियेमचा. चाळीस वर्षं तिथं दुसरं कुणी बसलेलं नाही. बसून बघावं कुणी!

लासियेम अडुसष्ट वर्षांची. उंचीनं बेताची, बोलण्यानं बेताची नाही. शाळा तिसरीपर्यंत. पण जनावराच्या पोटातलं तिला जेवढं कळतं तेवढं गावात कुणालाच कळत नाही, कारण गावानं जनावर बाहेरून पाहिलेलं, तिनं आतून. कलेजी हातात घेतली की तिला वजनावरूनच समजतं. निकोप कलेजीतून सुरी मुकाट जाते, नुसती सरकते. केडुंगवारूच्या कलेजीत सुरी घातली की वाळूवर चप्पल घासावी तशी करकर वाजते. आतल्या नळ्या बोटाएवढ्या जाड, कडक, पांढऱ्या. नळी दाबली की चिखलाच्या रंगाचे चपटे किडे बाहेर येतात, बांबूच्या कोवळ्या पानासारखे, वळवळत.

पुरुषांना सांगितलं तर म्हणायचे, "एवढा भाग काढून टाका म्हाताऱ्यांनो, बाकीचं शिजवा. मिरची घातली की सगळं सारखं."

पंचवीस वर्षं लासियेमनं हे ऐकलं. ऐकताना दर वेळी तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि दर वेळी ती दात खाऊन पुढचा कोथळा उचलायची.

तिचा नवरा वाकिदी गावाचा खाटीक होता. तीस ईदा त्यानं लोकांची जनावरं कापली. आमच्याकडं अशी रीत आहे की ज्याची कुर्बानी, त्यानं सकाळपासून पोटात काही घालायचं नाही आणि पहिला घास आपल्याच जनावराच्या कलेजीचा घ्यायचा. वाकिदी कलेजी काढायचा, धन्याच्या हातात द्यायचा, म्हणायचा, "घ्या, उपास सोडा." स्वतः मात्र घरी येऊन कालच्या तेंपेशी, सोयाबीनच्या आंबवलेल्या वडीशी, भात खायचा. त्यानं कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा, शेवटच्या आजारात, छपराकडं बघत म्हणाला, "लासियेम, आपल्या नावानं एकदा हाक पडली असती मशिदीच्या कर्ण्यावर, तर कसं वाटलं असतं गं?"

ती म्हणाली, "झोपा आता." आणि त्याच्या चाळिसाव्याचा भात झाल्यावर कोंबड्या आणि कानातलं विकून एक वासरू घेऊन आली. राखी रंगाचं, लांब कानांचं, वशिंडाच्या जागी अजून नुसता फुगवटा. त्याचं नाव क्लावू. तिनं ठरवलं ते एवढंच होतं: तीन वर्षांनी वाकिदीच्या नावानं हाक पडेल आणि क्लावूच्या निकोप कलेजीचा एक घास ती त्याच्या वतीनं खाईल. या गोठ्यातून एक, फक्त एक, न करकरणारी कलेजी.

गोठा म्हणजे गावचा सामाईक गोठा. बेचाळीस जनावरं, एका ओळीत, पत्र्याखाली. तो उभा केला पाक दिर्जोनं; पाक म्हणजे आमच्याकडं मानानं लावायचा 'राव'. खत विकणारा, भाताच्या सहा पट्ट्यांचा मालक आणि गोठा मंडळाचा अध्यक्ष. वाईट माणूस नव्हे. वाईट असता तर भांडण सोपं झालं असतं. त्यानं गोठा मुद्दाम उंचवट्यावर बांधला आणि त्याच्या पाठीमागून एक सिमेंटचा चर काढला. बेचाळीस जनावरांचं शेणमूत रोज सकाळी धुतलं की चरातून घरंगळत खाली भातशेतात. पहिल्या दोन पट्ट्या दिर्जोच्या. त्याचा भात असा हिरवा की बघणाऱ्याचे डोळे दुखावेत. पाहुणे आले की तो त्यांना चराच्या तोंडाशी नेऊन उभा करायचा आणि म्हणायचा, "बघा. एक पैशाचं खत नाही!" पाहुणे नाकाला रुमाल लावून माना डोलवायचे.

आणि चारा? चारा त्याच शेतातला. कापणीवाल्या बायका भात मधूनच कापतात, खाली गुडघाभर ताटं उभी राहतात. ती ज्यानं कापली त्याची. गोठ्याला सगळ्यात जवळचं शेत कुठलं, तर चराखालचं. तेव्हा सगळे तिथंच. त्यातही लासियेमचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती पाण्यात वाकून ताट असं बुडातून कापायची की मागं धसकटसुद्धा दिसू नये. इतर बायका वीतभर बुडखा सोडून द्यायच्या, तर ही ओरडायची, "अगं, रसाळ भाग तिथंच असतो! वरचं वाळकं चघळून जनावर मोठं होतं का?" कापलेलं हिरवं, पाणी गळतं, तसंच डोक्यावर घेऊन ती क्लावूच्या गव्हाणीत टाकायची. क्लावू मान हलवत खायचा. तीन वर्षं.

तिसऱ्या वर्षी ईदला अकरा आठवडे उरले होते आणि क्लावूच्या बरगड्या मोजता येत होत्या. खायचा दोघांचं, दिसायचा अर्ध्याचा. केस उभे, डोळ्याची आतली बाजू पांढरी. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली होती, दाबली की बोटाचा खड्डा तसाच राहायचा. गोठ्यातल्या तज्ज्ञांनी आपापलं निदान सांगितलं. एकानं सांगितलं गव्हाणीवर आपटला असेल. दुसऱ्यानं सांगितलं कुणाची तरी नजर. तिसऱ्यानं हळद, अंडं आणि ताडगूळ बांबूच्या नळीतून पाजायला सांगितलं. लासियेमनं तेही पाजलं. क्लावूनं ओठ चाटले, बाकी काही झालं नाही.

दिर्जो येऊन उभा राहिला. जीभ टाळ्याला लावून च् च् केलं. "म्बाह, आजी, मनाला लावून घेऊ नका. पण असला खोंड कुर्बानीला चालत नाही. रोडावलेलं जनावर देवाला कसं द्यायचं? यंदा राहू द्या. पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी मी असेन का ते तुम्ही मशिदीत विचारून आलात वाटतं, पाक दिर्जो?"

"तसं नव्हे, म्बाह..."

"तसंच. तुमच्या गोठ्यात त्याच्या शेजारी उभी असलेली सगळीच रोडकी आहेत. ती नाही दिसत? की त्यांना बघायला रुमाल लागतो?"

दिर्जो हसला. मोठ्या माणसासारखा, म्हातारीचं मनावर न घेता. ते हसणं लासियेमला शिवीपेक्षा लागलं.

त्या आठवड्यात पशुखात्याची नवी डॉक्टरीण आली. एंदाह नाव, वय असेल सत्तावीस, गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि त्याच्या वर अगदी लहान मुलीचा चेहरा. तिनं क्लावूच्या छातीभोवती मापाची फीत गुंडाळली, आकडा वाचला, वहीत बघितलं आणि म्हणाली, "म्बाह, तीन महिन्यांपूर्वी माझ्या आधीच्या साहेबांनी घेतलेलं मापही हेच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तीन महिने तुम्ही घातलेला चारा दुसऱ्याच कुणीतरी खाल्ला."

शेण तपासायला गेलं. चार दिवसांनी एंदाह परत आली ती एकटीच, आणि सरळ गोठ्याच्या मागं जाऊन चराच्या कडेला उभी राहिली. लासियेमला हाक मारली. शेतातल्या पाण्यातून एक करंगळीच्या नखाएवढी गोगलगाय उचलून तळहातावर ठेवली.

"शेणात पर्णकृमीची अंडी सापडली. तुम्ही पानासारखे किडे बघता ना, तेच. कलेजीत बसून अंडी घालतात. अंडी शेणातून येतात. शेण या चरातून पाण्यात. पाण्यात अंडं फुटतं आणि पिल्लू या गोगलगाईत शिरतं. तिथं एकाची शंभर होतात. मग बाहेर पडतात आणि भाताच्या ताटाला चिकटून बसतात, पाण्यालगत, बुडाला. डोळ्याला दिसत नाहीत. जनावरानं ते ताट ओलं खाल्लं, की पोटातून परत कलेजीत."

एंदाह पुढं सांगत होती, की अंगावर मांस धरत नाही ते यामुळंच, गाई माजावर येत नाहीत ते यामुळंच, वासरं खुजी निघतात ती यामुळंच. लासियेमचं लक्ष त्या बुडाकडं होतं. पाण्यालगतच्या वीतभर ताटाकडं. जो भाग इतर बायका आळसानं सोडून देत होत्या.

"म्हणजे मीच भरवलं," ती म्हणाली.

"म्बाह, तुम्हाला काय माहीत..."

"गावात सगळ्यात खालून कापते म्हणून मिरवत होते मी, न्दुक, पोरी! बाकीच्यांना शिव्या घालून शिकवलं!" आणि तिनं हातातला विळा असा फेकला की तो चराच्या सिमेंटवर आपटून ठिणगी उडाली.

स्वतःवरचा राग फार टिकत नाही, त्याला पाय फुटतात. संध्याकाळपर्यंत तो चराच्या वरच्या तोंडाशी येऊन पोचला होता. तिनं पुन्हा पुन्हा विचार केला आणि दर वेळी तिथंच आली. ताट खालून कापणं ही तिची चूक. पण ताटाला विष कुणी पाजलं?

मंडळाची बैठक गोठ्यातच भरली. लासियेम उभी राहून म्हणाली, "चर वळवा. केळींच्या मागं खड्डा खणा, शेण तिथं कुजू द्या, मग शेतात टाका. दोन महिन्यांचा तर प्रश्न. आणि चराखालचा पेंढा ओला घालू नका, वीतभर सोडून कापा, उन्हात वाळवा. डॉक्टरीणबाई सांगतात ते मी सांगते."

तुगिनो नावाचा एक दांडगा गडी होता, तो म्हणाला, "म्बाह, गोगलगाई तर आम्हीपण खातो शिजवून. आम्हाला नाही कधी किडे झाले."

"तुझ्यात शिरून किड्यानं पोखरायचं काय, तुगिनो? बिचारा उपाशी मरेल."

हशा पिकला. दिर्जोही हसला, मग हात वर करून म्हणाला, "चर सिमेंटचा आहे. मंडळानं बांधलाय. भाताला खत मिळतं, भातामुळं पेंढा मिळतो, पेंढ्यामुळं गुरं जगतात. हे चक्र आहे, म्बाह. एका खोंडाच्या पोटासाठी चक्र थांबवायचं?"

"चक्रच आहे," लासियेम म्हणाली, "किड्यांचं. तुम्ही फक्त त्याला सिमेंट लावलंत."

या वेळी कुणी हसलं नाही. पण चर वळवायला हातही कुणी वर केला नाही. सगळ्यांच्या पट्ट्या दिर्जोच्या खाली होत्या. वरून येणारं पाणी त्याच्या बांधावरून यायचं. लासियेमला ते ठाऊक होतं, म्हणून तर तिला जास्त चीड आली. भ्यालेल्या माणसांनी निदान भ्यालो म्हणावं, हे म्हणत होते, "बघू."

मग तिनं एकटीनं केलं. एंदाहनं क्लावूला औषध पाजलं आणि बजावलं, "कापायच्या आधी मधे बरेच दिवस जायला हवेत, ते बसतात बरोबर. पण म्बाह, औषध मारतं ते आतले. रोज नवे घातलेत तर मी काही करू शकत नाही." लासियेम दुसऱ्या दिवसापासून तुरीच्या माळावर जायला लागली. तुरी म्हणजे अडीच मैल चढ, कोरडं गाव, तिथं पाण्याचं शेत नाही आणि गोगलगाईही नाही. तिथलं गवत राठ, पण स्वच्छ. ती भारा डोक्यावर घेऊन उतरायची तेव्हा लांबून नुसता भाराच चालत येतोय असं दिसायचं, खाली दोन काटक्यांसारखे पाय. तिची शेजारीण आणि दगडावरची सोबतीण पोनिरा दारातून ओरडायची, "अगं ए, तुझ्या खोंडाच्या आधी तूच कुर्बान होशील!"

"मला कुणी विकत घेणार नाही, हाडंच निघतील!"

तिसऱ्या आठवड्यात जबड्याखालची पिशवी गेली. चौथ्या आठवड्यात फितीचा आकडा दोन बोटं पुढं सरकला. एंदाहनं तो तीनदा मोजला आणि तिसऱ्यांदा स्वतःच हसली. लासियेम हसली नाही, पण क्लावूच्या पाठीवर थाप मारताना तिचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथं राहिला. दिर्जो येता-जाता बघत होता.

आणि मग तिला ताप आला. तीन दिवस. असा की उठून पाणी पिता येईना. चौथ्या दिवशी भिंत धरत ती गोठ्यात पोचली तर क्लावूच्या गव्हाणीत हिरवागार, पाणी गळता पेंढा. बुडातून कापलेला. पोनिरा कमरेवर हात ठेवून उभी होती आणि चेहऱ्यावर इतकं समाधान की बघवेना.

"तीन दिवस मीच घातलं," ती म्हणाली. "म्हटलं आजारी आहेस, तुझ्या खोंडाला उपाशी कशाला ठेवू? तू कापतेस तसंच कापलं हं, अगदी पाण्यातून. कंबर मोडली माझी."

आमच्या गावात शेजारी आजारी पडला की त्याचं जनावर कुणी सांगायच्या आत सांभाळलं जातं. याला कुणी उपकार म्हणत नाही. लासियेमनं गव्हाणीत दोन्ही हात घातले आणि तो पेंढा ओरबाडून बाहेर फेकायला लागली. पोनिराला आधी वाटलं ताप डोक्यात गेला.

"काय करतेस! चांगला चारा!"

"मी महिनाभर माळावर का मरत होते पोनिरा? हौस म्हणून? मी तुला सांगितलं नव्हतं?"

"तू सांगितलंस पेंढा वाईट. मला वाटलं, तू दिर्जोवर चिडलीस म्हणून त्याचा पेंढा नको म्हणतेस!" पोनिराचा आवाज फाटला. "तू कुणावर चिडत नाहीस, लासियेम? तुझ्या कुठल्या रागाला खरं मानायचं ते आम्हाला कसं कळणार?"

लासियेम खाली बसली, ओल्या पेंढ्यातच. हे मात्र तिला पुरतं लागलं. चाळीस वर्षं ती चिडत आली होती, मिठावर, पावसावर, करपलेल्या भातावर. त्या सगळ्या रागात हा एक खरा राग लपून गेला होता. पोनिराही शेजारी बसली आणि रडायला लागली. लासियेम म्हणाली, "रडू नकोस, तुझी चूक नाही. नाक पूस." आणि ते म्हणतानासुद्धा तिचा आवाज भांडल्यासारखाच निघाला.

औषध पुन्हा पाजावं तर ईद जवळ. एंदाह म्हणाली, "आता नको. औषध मांसात राहील. तीन दिवसांचंच खाल्लंय. बघू या." ती नजर चुकवून म्हणाली. लासियेमनं ओळखलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माळावर गेली.

ईदच्या सकाळी क्लावू धुतला तेव्हा तो खरोखर खोंडासारखा दिसत होता. बरगड्या झाकलेल्या, पाठ सपाट. एंदाहनं दात बघितले, डोळे बघितले, कानात हिरवा दोरा बांधला. पास. शहरातल्या मशिदीचे पाहुणे दोन गाड्या भरून आले होते. त्यांनी दिलेले चार खोंड याच गोठ्यात वाढलेले, आणखी दोन तुरीच्या माळावरचे. क्लावू धरून सात. कर्ण्यावर नावं वाचली गेली. पाचवं नाव, "वाकिदी, सोमोचा मुलगा, केडुंगवारू." लासियेम बायकांमध्ये उभी होती. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. पोनिरानं तिचा दंड धरला. क्लावू आडवा झाला, तो फार धडपडला नाही.

नऊ वाजता ती आपल्या दगडावर बसली. सकाळपासून पोटात चहाचा घोटही नव्हता. कलेजी केळीच्या पानावर आली. तिनं उचलली. वजन बरं होतं. तिनं श्वास धरून सुरी घातली.

करकर.

सगळीकडं नाही. एका बाजूला जुन्या नळ्या कडक झालेल्या, पण त्यांत जिवंत किडा नव्हता, औषधानं मेले होते ते. दुसरी बाजू मऊ, लालबुंद, आणि त्या मऊ भागात काळपट रक्ताच्या रेघा, वेड्यावाकड्या, जशी कुणी आतून वाट शोधत गेलंय. तिनं रेघेच्या टोकाला नखानं दाबलं. तांदळाच्या दाण्याएवढा एक किडा वर आला. कोवळा. जिवंत.

एंदाह तिच्यामागं उभी होती. ती म्हणाली, "म्बाह, जुनी बाजू काढून अर्धी तरी तुम्हाला देता आली असती. पण या नव्या रेघा... मला पुरावी लागेल. सगळी."

"कुर्बानी?"

"कुर्बानी झाली, म्बाह. इमामसाहेब म्हणतात झाली."

"म्हणजे देवानं घेतली. तू नाही घेतलीस."

एंदाहचे डोळे भरले. लासियेमनं तिच्या रबरी बुटावर थाप मारली. "तुझं बरोबर आहे न्दुक. खड्डा कुठं खणलाय?"

सातांपैकी पाच कलेज्या खड्ड्याकडं निघाल्या. गोठ्यातली पाचही. माळावरच्या दोन निकोप. हे एवढं साधं होतं की बोटांवर सांगता यावं. पण तेवढ्यात पाक दिर्जो लगबगीनं आला, नवी लुंगी, नव्या चपला, आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "बू एंदाह, बाई, जरा समजून घ्या. पाहुणे बसलेत. त्यांच्या जनावरांची कलेजी खड्ड्यात गेली तर पुढच्या वर्षी ते दुसऱ्या गावाला जातील. वाईट तेवढं कापून टाका. सांबाल गोरेंगच्या तिखटात परतली की कुणाला कळणारे? मिरची घातली की..."

"सगळं सारखं," लासियेमनं वाक्य पुरं केलं.

ती उठली. क्लावूची कलेजी केळीच्या पानासकट दोन्ही हातांवर घेतली आणि दिर्जोच्या छातीशी धरली. नव्या सदऱ्याला रक्त लागलं. तो मागं सरकला, ती पुढं सरकली. पाहुण्यांच्या चटया तिथून दहा पावलांवर होत्या, आणि लासियेमला हळू बोलता येत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"खा, दिर्जो." तिच्या तोंडून कधी नव्हे ते पाक गळून पडलं होतं. "ज्यानं खाऊ घातलं त्यानं पहिला घास घ्यावा ना? माझ्या खोंडाला मी गवत घातलं. हे तू घातलंस. बेचाळीस जनावरांना घालतोस तू, रोज सकाळी, पाण्याबरोबर. माझ्या माणसानं तीस वर्षं लोकांच्या हातात कलेजी दिली. त्याच्या नावाची ही एक होती. एकच मागितली मी या गोठ्याकडून!"

"म्बाह, पाहुणे..."

"पाहुण्यांनीपण बघू दे! त्यांना चर दाखवतोस ना? हे चराचं दुसरं टोक. हे का नाही दाखवत?"

चटईवरचा एक पाहुणा उठून उभा राहिला. लासियेमनं त्याच्याकडं पाठ फिरवली, खड्ड्याशी जाऊन कलेजी स्वतःच्या हातानं खाली ठेवली, वर माती लोटली. मग तुगिनोच्या हातातली कुदळ ओढून घेतली. तो म्हणाला, "म्बाह, खड्डा झालाय."

"हा झालाय. दुसरा राहिलाय."

ती ईदच्या नव्या कपड्यांवरच चराशी गेली. चर जिथं वळून शेताकडं उतरतो तिथं सिमेंट पातळ होतं. पहिला घाव बसला. दुसरा. सकाळपासून उपाशी अडुसष्ट वर्षांची बाई. चौथ्या घावाला ती धापा टाकत होती, पण सिमेंटाचा कपचा उडाला होता. माणसं गोळा झाली. कुणी थांबवेना, कुणी मदतही करेना. दिर्जो पुढं आला. "मंडळाचा चर आहे. बैठक न घेता असं..."

"घे बैठक. मी आहे इथंच."

तेव्हा दिर्जोची बायको मुरिनी स्वयंपाकातून आली. हातात ताटली होती, माळावरच्या खोंडाची तळलेली कलेजी, वर तिखट. ती लासियेमजवळ उकिडवी बसली. "म्बाह, उपास सोडा. ही चांगली आहे."

लासियेमनं ताटलीकडं बघितलं. तोंडाला पाणी सुटलं हे तिलाही लपवता आलं नाही. "ही दुसऱ्याची आहे, मुरिनी. माझी पुरली. मला आज उपाशीच राहू दे, राग टिकतो."

मुरिनीनं ताटली बांधावर ठेवली, पदर खोचला आणि गोठ्याच्या भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं.

"तू कुठं चाललीस?" दिर्जो म्हणाला.

"माझी लाल गाय तीन वर्षं व्यायली नाही," मुरिनी म्हणाली. "तुम्ही म्हणालात तिचं नशीब. मी तेच मानलं. सरका."

तिनं केळींच्या बाजूची माती उपसायला सुरुवात केली. पोनिरा ओल्या हातांनी धावत आली आणि हातांनीच कपचे उचलायला लागली. तुगिनो डोकं खाजवत थोडा वेळ बघत राहिला, मग मुरिनीच्या हातून फावडं घेत म्हणाला, "द्या इकडं वहिनी, अशानं ईद संपेल." दहाव्या की बाराव्या घावाला चराची कड तुटली. सकाळचं साचलेलं शेणपाणी क्षणभर थांबलं, कुठं जावं ते त्याला कळेना, आणि मग ते शेताऐवजी केळींकडं वळलं. दिर्जो नेमका मधे उभा होता.

"पाय उचल, दिर्जो," लासियेम म्हणाली, आणि कुदळ पुन्हा वर घेतली.